खर्जाची पेटी

आपल्याकडे 'पेटी' म्हटले की डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहते. या लेखातली पेटी निराळी. स्पीकर, म्हणजे ध्वनिक्षेपक, ज्या लाकडी खोक्यात बसवतात ती ही पेटी. घरोघरी तिच्यावर फुलदाणी किंवा देवाचा फोटो ठेवलेला दिसतो, कारण ती फर्निचरचाच एक भाग आहे अशी आपली समजूत असते. वास्तविक आवाजाच्या खालच्या पट्टीपुरते बोलायचे तर निम्मे काम स्पीकर करतो आणि निम्मे ही पेटी करते. केवळ खालच्या पट्टीसाठी जी स्वतंत्र पेटी बांधतात तिला 'सबवूफर' असे इंग्रजी नाव पडले आहे. मी तिला खर्जाची पेटी म्हणतो.

अशा पेट्या मी गेली कित्येक वर्षे घराच्या मागच्या पडवीत, हौसेखातर, साध्या हत्यारांनी बांधत आलो आहे. पाहुणे विचारतात, "बाजारात तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला?" या प्रश्नाचे खरे उत्तर या पेटीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. त्या इतिहासात मोठ्या प्रयोगशाळा आहेत, तशीच आपापल्या घरी करवत आणि डिंक घेऊन बसलेली माणसेही आहेत. पडवीतला माणूस प्रयोगशाळेच्या पंक्तीला कसा जाऊन बसला, ते वाचकांना सांगावे असे फार दिवस मनात होते.

खर्ज कुठे हरवतो?

तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची. पुरुष गायकाने काळी एक ही पट्टी धरली, तर त्या तारेची मूळ आंदोलने सेकंदाला सुमारे ६९ भरतात. डग्ग्यावरची घसीट आणि पखवाजाचा धूमपुडा हेही याच तळघरात राहणारे. लहान रेडिओ, टीव्ही किंवा हातातला फोन यांच्यातून हे मूळ आंदोलन जवळजवळ येतच नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात आणि त्यांच्या आधाराने आपला मेंदू मूळ स्वर मनातल्या मनात जुळवून घेतो. म्हणून ऐकणाऱ्याला काही हरवल्याचा पत्ताही लागत नाही. तंबोरा 'ऐकू येतो', पण त्याने खोली भरत नाही.

खालचा स्वर काढणे जड का जाते, याचे कारण सोपे आहे. एक सप्तक खाली उतरून तोच आवाज तेवढ्याच जोराने काढायचा, तर स्पीकरच्या कागदी शंकूला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. आणखी एक सप्तक उतरले की सोळापट. शिवाय ६९ आंदोलनांच्या लाटेची लांबी सुमारे पाच मीटर, म्हणजे सोळा फूट असते. एवढी लाट दोन-तीन इंची शंकूने हलवायची म्हणजे चमच्याने विहीर ढवळण्यासारखे आहे.

पुढची लाट आणि मागची लाट

आज आपण वापरतो तो स्पीकर अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली विद्वानांपुढे मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, अशी ती रचना. शंभर वर्षे झाली, पण मुळात तीच टिकून आहे. त्याआधी आवाज मोठा करायला ग्रामोफोनच्या जातीचे कर्णे लागत. या दोघांनी कर्णा काढून टाकला.

कर्णा गेला, पण एक अडचण मागे राहिली. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला, तर मागची विरळ हवा कडेने वळसा घालून पुढच्या दाबाला खाऊन टाकते. वरच्या स्वरांच्या लाटा आखूड असल्याने त्या वाचतात. खालच्या स्वरांची लाट लांब असते, तिला वळसा घालायला भरपूर सवड मिळते आणि खर्ज तिथेच मरतो. राइस आणि केलॉग यांनी म्हणूनच स्पीकर एका फळीत बसवला, म्हणजे पुढचे आणि मागचे यांच्यात भिंत घातली. पेटीचा जन्म हा असा, भिंतीच्या पोटी झाला.

आपल्या लहानपणीचे व्हाल्व्हचे रेडिओ आठवा. लाकडी कपाटासारखे देखणे खोके, समोर जाळीदार कापड आणि मागे भोके पाडलेला पुठ्ठा. ते भिंत घालण्याचेच अर्धेमुर्धे काम होते. मागची बाजू मोकळी असल्याने खालचा आवाज काही अंशी मिळे, काही अंशी मरे. तरीही त्यातून येणारा आवाज आजच्या फोनपेक्षा भरदार वाटे, याचे श्रेय त्या खोक्याच्या आकाराला आहे.

घुमटाची युक्ती

मागची लाट शत्रू आहे, तर तिला कोंडून मारायची की कामाला लावायची? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी दुसरा मार्ग धरला. १९३० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ साली ते मिळाले. स्पीकरच्या खोक्याला त्यांनी एक नळी बसवली. नळीतल्या हवेला वजन असते आणि खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी असते. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की झोपाळ्यासारखा एक ठराविक झोका तयार होतो. त्या झोक्यावर मागची लाट उलटी होऊन नळीतून बाहेर पडते आणि पुढच्या लाटेला हात देते. आज ज्या पेट्यांना गोल भोक दिसते त्या सगळ्या थुरास यांच्या वंशातल्या.

हवेचा हा झोका जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या १८६३ च्या ग्रंथात पितळी गोळे कानाला लावून समजावून सांगितला होता. परंतु हाताने तो वापरणारे लोक त्याआधीही होतेच. आपल्या शेजारी गोव्यात घुमट आहे. मातीचे मडके, एका तोंडाला कातडे आणि दुसरे तोंड लहान व उघडे. वाजवणारा एका हाताने कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा उघड्या तोंडावर कमीजास्त झाकून नाद खालीवर करतो. खोके, नळी आणि पडदा, थुरास यांच्या पेटीतले तिन्ही घटक त्या मडक्यात हजर आहेत. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. मिरजेचा तंबोरा करणारे कारागीरही भोपळा निवडताना त्याच्या पोटातल्या हवेचाच अंदाज घेत असतात.

घुमट करणारा कुंभार आणि भोपळा निवडणारा कारागीर यांचे ज्ञान हातात असते. ते बापाकडून मुलाकडे जाते आणि मूल दुसऱ्या धंद्याला लागले की संपते. थुरास यांच्यानंतरची तीस वर्षे पेटी बांधणाऱ्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. भोक किती मोठे, खोके किती लिटरचे, हे पुष्कळसे अदमासाने ठरे. करून बघायचे, ऐकायचे, पुन्हा करवत चालवायची. ज्याचे हात मुरलेले त्याची पेटी बरी निघे. बाकीच्यांच्या पेट्या एकाच सुरावर घुमत बसत.

गादीची खोळ

या काळातला नियम असा होता की, खर्ज हवा तर खोके मोठे हवे. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतल्या होप या लहानशा गावी, पत्र्याच्या शेडमध्ये, ज्या पेट्या करायला घेतल्या त्या खोलीच्या कोपऱ्यातच ठेवाव्या लागत, कारण कोपऱ्याच्या दोन भिंती त्यांच्या कर्ण्याचा पुढचा भाग म्हणून कामाला येत. आवाज उत्तम, पण एकेक पेटी आपल्या कोठीतल्या कणगीएवढी.

एडगर व्हिल्चर यांना हा नियम पटला नाही. हे गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या वर्गात ध्वनीविषयी शिकवत आणि वूडस्टॉक गावी राहत. त्यांचा विचार असा. स्पीकरचा शंकू जागेवर परत यावा म्हणून त्याच्या कडेला ताठ, चुण्यांची किनार असते. शंकू जास्त हलला की ही किनार ओढ खाते आणि आवाज विद्रूप होतो. मग किनार अगदी ढिली करावी, खोके हवाबंद करावे आणि शंकूला परत आणण्याचे काम आतल्या कोंडलेल्या हवेवर सोपवावे. हवेची स्प्रिंग किनारीपेक्षा पुष्कळ सरळ वागते. आणि ती स्प्रिंग पुरेशी कडक व्हायची तर खोके लहानच हवे! मोठ्या खोक्याचा नियम इथे उलटा झाला.

पहिला नमुना त्यांनी घरीच केला. बाजारातल्या स्पीकरची ताठ किनार कापून काढली आणि तिच्या जागी गादीच्या खोळीचे कापड चिकटवले. त्या कापडाचा बेत त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखून दिला. युद्धकाळात त्यांनी आरेखनाचे काम केलेले होते. कल्पना विकायला ते कंपन्यांकडे गेले, तेव्हा तिथे कोणी ती घेतली नाही. त्यांच्या वर्गातला हेन्री क्लॉस हा तरुण विद्यार्थी केंब्रिजला स्पीकरची खोकी जुळवून विकत असे. गुरुशिष्यांनी मिळून १९५४ साली स्वतःचीच कंपनी काढली आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशी पेटी बाजारात आणली. तिचा खर्ज ऐकून लोक मोठे खोके कुठे लपवले आहे ते शोधू लागले, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण त्यानंतर घरातल्या पेट्यांचा आकार कायमचा बदलला हे खरे.

१९५६ साली व्हिल्चर यांना पेटंट मिळाले. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि ते रद्द ठरले. व्हिल्चर यांनी अपील केले नाही. मागाहून ते बहिऱ्यांच्या श्रवणयंत्राकडे वळले. निरनिराळ्या पट्ट्यांतला आवाज निरनिराळ्या प्रमाणात उचलून देण्याची पद्धत त्यांनी १९७३ साली पेटंट न घेता छापून मोकळी केली. कोणीही वापरावी! पेटीच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण पुढचे पाऊल याच वृत्तीने पडलेले आहे.

सिडनीहून आलेले आकडे

ते पाऊल ऑस्ट्रेलियात पडले. नेव्हिल थील हे सिडनीतले अभियंता. त्यांनी १९६१ साली तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात भोकाच्या पेट्यांवर एक निबंध छापला. स्पीकर आणि पेटी मिळून जे बनते त्याचे गणित विजेच्या चाळणीच्या गणितासारखेच आहे, आणि त्या चाळण्यांची कोष्टके तर तयारच आहेत, हे त्यांनी दाखवले. स्पीकरचे मोजके आकडे घ्या, कोष्टकात बघा, खोके किती लिटरचे आणि नळीचा झोका कितीचा ते तिथे लिहिलेले आहे. असे २८ मेळ त्यांनी एका तक्त्यात मांडून दिले. दहा वर्षे बाहेरच्या जगाने त्या निबंधाकडे विशेष लक्ष दिले नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ध्वनी अभियंत्यांच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला. पाठोपाठ सिडनी विद्यापीठात संशोधन केलेल्या रिचर्ड स्मॉल यांचे निबंध १९७२ आणि १९७३ मध्ये आले. त्यांनी बंद पेटी आणि भोकाची पेटी, दोन्हींचे गणित सुटसुटीत करून दिले.

आकडे मुख्यतः तीन. पहिला, मोकळा स्पीकर सेकंदाला किती आंदोलनांवर आपखुशीने झुलतो तो. दुसरा, त्या झोक्याला लगाम किती, तो. तिसरा, त्याच्या किनारीची स्प्रिंग किती लिटर हवेच्या स्प्रिंगएवढी आहे, तो. जगभर हे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात. हे आकडे काढायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मल्टिमीटर, एक रेझिस्टर आणि सूर काढणारे एखादे साधन पुरते. कुंभाराच्या हातातले ज्ञान या ठिकाणी कागदावर आले आणि कागद सगळ्यांना मोकळा झाला. पडवीतला माणूस प्रयोगशाळेच्या पंक्तीला बसला तो या दिवशी.

पडवीतला हिशेब

आता माझी पेटी. बाजारात सुटे मिळणाऱ्या पुष्कळ स्पीकरांवर मोठ्या अक्षरांत वॉटचा आकडा असतो आणि बाकी काही नसते. वॉटवरून खर्ज कळत नाही. बैल किती चारा खातो यावरून तो नांगर किती खोल ओढतो हे कळत नाही, तसेच. म्हणून दहा इंची स्पीकर आणला की मी आधी मोजतो. हजार ओहमच्या रेझिस्टरमधून त्याला सूर द्यायचा. सूर काढायला आता फोनही पुरतो, फक्त मध्ये एक लहान अॅम्प्लिफायर हवा. सूर हळूहळू खालून वर न्यायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज बघायचा. एका जागी तो शिखर गाठतो. माझ्या स्पीकरचे शिखर ३२ वर आले. शिखराच्या दोन्ही बाजूंचा उतार किती तीव्र, त्यावरून लगामाचा आकडा ०.४५ निघाला. मग तोच स्पीकर २० लिटरच्या एका हवाबंद खोक्यावर घट्ट बसवून पुन्हा मोजले. शिखर ३२ वरून ६२ वर गेले. ६२ ला ३२ ने भागून वर्ग करा, एक वजा करा, २० ने गुणा. सुमारे ५५ लिटर.

बंद पेटीत लगाम ०.७ च्या आसपास आला की खर्ज घुमतही नाही आणि कोरडाही पडत नाही. ०.७०७ ला ०.४५ ने भागून वर्ग केला आणि एक वजा केला तर १.४७ उरतात. ५५ ला त्याने भागले की साडेसदतीस लिटर. पेटीतला झोका मग सुमारे ५० आंदोलनांवर येतो, म्हणजे काळी एकच्या खर्जाच्या बराच खाली. काम भागले.

१८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घेतला. आतून प्रत्येक बाजू ३४ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे ३९ लिटरच्या थोडे वर. स्पीकरचा चुंबक आणि आतली आडवी पट्टी यांनी दीडदोन लिटर खाल्ले की हिशेब जमतो. चौरस पेटी वाईट असे जाणकार म्हणतात, पण ते वरच्या स्वरांपुरते. ३४ सेंटिमीटरच्या भिंतींमध्ये लाट अडकून घुमायला लागते ती ५०० आंदोलनांच्या आसपास, आणि तिथवर या पेटीला आपण जाऊच देत नाही. गुण्या लावून कडा काटकोनात, फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनचा हात. गोल भोक जिगसॉने कापले आणि कानशीने साफ केले. हवा कुठे गळते का ते बघायला शंकू हलक्या हाताने दाबून सोडावा. पेटी हवाबंद असली तर तो सावकाश, जड पावलांनी परत येतो.

बेळगावच्या माणसाला या कामी एक सोय आहे. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळूरचा एस. पी. रोड आपल्याला जवळजवळ सारखेच, पाचशे किलोमीटर. लोखंडी कडे कातून घ्यायचे तर उद्यमबागेत लेथ फिरतच असतात. प्लाय कापून देणाऱ्याला मी सुतार म्हणतो, माझा शेजारी बडिगेर म्हणतो. माझ्या हिशेबाचा कागद शेजाऱ्याने एकदा मागून नेला आणि कन्नडमध्ये उतरवून घेतला. शब्द बदलले, साडेसदतीस लिटर तेवढेच राहिले. त्याच्या घरी आता तशीच पेटी आहे.

मोठा आवाज आणि खोल आवाज

खर्जाची पेटी म्हटली की आज लोकांना मिरवणुकीतली ती छाती हादरवणारी भिंत आठवते. आपल्या भागात तिला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. नावाचा केवढा हा दैवदुर्विलास! रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनला जी कंपनी काढली तिचे पहिले काम टेपवरची खरखर कमी करण्याचे होते. आवाज स्वच्छ करणाऱ्या माणसाचे नाव आपण गोंगाटाला दिले. खोल आवाजाचा दांडगाईसाठी वापर पाश्चात्त्यांनीही केलाच. १९७४ च्या भूकंपावरील एका चित्रपटासाठी थिएटरांत इतके जबर स्पीकर बसवले की लॉस एंजेलिसच्या एका जुन्या थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली.

मोठा आवाज आणि खोल आवाज यांतला हा फरक मुलांना दाखवायचा असेल तर पेटी बांधण्यासारखे साधन नाही. जुन्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावावे, पेटी इतक्याच आवाजावर ठेवावी की ती चालू आहे हे कळू नये, आणि मग मध्येच तिची तार काढावी. तंबोरा एकदम पातळ होतो, डग्गा लाकडी वाजतो, गवय्याच्या पायाखालची सतरंजी कोणी ओढून घेतल्यासारखे वाटते. कान तयार होतो तो अशा वेळी. ज्याने हा फरक एकदा ऐकला, त्याला मिरवणुकीतल्या भिंतीचे कौतुक उरत नाही.

तयार पेटी बाजारात मिळते, हे खरेच आहे आणि ती चांगलीही असू शकते. पण तिच्या पोटात काय हिशेब आहे हे ती सांगत नाही. बिघडली की ती टाकायची. आपण बांधलेल्या पेटीचा हिशेब वहीत राहतो. स्पीकर फाटला तर दुसरा मोजून बसवता येतो आणि वही दुसऱ्याला देता येते. घुमटाच्या कुंभाराकडे आणि भोपळ्याच्या कारागिराकडे असे किती हिशेब असतील, जे अजून कोणी मोजून कागदावर उतरवलेले नाहीत! आपल्या भागातल्या तंत्रशाळांतल्या मुलांनी मल्टिमीटर घेऊन एकदा त्यांच्या दारी जावे, असे मला फार वाटते. थील यांचा निबंध दहा वर्षे कपाटात पडून राहिला तरी तो छापलेला होता, म्हणून सापडला. जे हातातच राहिले, ते हाताबरोबर जाते.